कोकराचं म्हणून दिलेलं

“आज हाड नको घालूस. मांडीचंच दे, अगदी कोवळं,” दुकानाची पायरी चढता चढताच टेलरकाका म्हणाले. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता. “दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं तोंडानं काही मागितलं बघ. म्हणाली, कोकराचं मटण खावंसं वाटतंय.”

“काकू घरी आल्या?”

“परवाच सोडलं दवाखान्यातून. नुसती काडी झालीय. डॉक्टर म्हणतात, खातील तर उठतील. मी म्हटलं, त्याची काळजी नको, आपला खाटीक आहे.”

खाटकाने मागे वळून पाहिले. आकड्याला एकच मांडी लटकत होती आणि ती कोकराची नव्हती. कोकरू सकाळी दहालाच संपले होते. ही होती पाच-सहा वर्षांची मेंढी. गडद लाल, पिवळट चरबीची, चुलीवर तासन् तास ठेवायची ज्यांची तयारी असते त्यांच्यासाठी राखलेली.

‘काका, आज नाही.’ तीनच शब्द होते. ते जिभेवर आलेही. पण रस्त्यापलीकडे काचेच्या दाराचे नवे दुकान उघडल्यापासून एकेक ओळखीचा माणूस मान खाली घालून पलीकडच्या कडेने जाताना त्याने पाहिला होता. टेलरकाका तेवढे हलले नव्हते. उलट वस्तीत कुणी नवीन आले आणि ‘इथे चांगलं कोकरू कुठे मिळतं हो?’ असे विचारले, की काका त्याला जवळजवळ हाताला धरून इथे आणत. तेच काका आता रस्ता ओलांडून त्या काचेच्या दारातून आत जातील, हे काही त्याला सोसवेना.

“देतो की,” तो म्हणाला.

त्याने मांडी ओंडक्यावर घेतली. पिवळी चरबी सगळी खरवडून काढली, वरचा पापुद्रा सोलला आणि अगदी लहान लहान तुकडे केले. काका कौतुकाने बघत राहिले. गल्ल्यावर बसलेली त्याची बायकोही बघत होती. काका गेल्यावर ती हळूच म्हणाली, “अहो, ती मेंढी होती ना?”

“शिजवलं की होतं मऊ.”

ती सुटे पैसे मोजू लागली. बोलली असती तर बरे झाले असते, असे त्याला दिवसभर वाटत राहिले.

आठवडा गेला. टेलरकाका आले ते एका नव्या भाडेकरू बाईंना घेऊन. “डोळे झाकून घ्या इथून,” ते बाईंना सांगत होते, “मी पस्तीस वर्षं घेतोय. कधी फसलो नाही.”

खाटकाचा सुरा थांबला. “काकू कशा आहेत?”

“तशीच आहे रे.” काका आवाज खाली आणून म्हणाले, “तुझं मटण चांगलंच होतं, तुझा काही दोष नाही. तिलाच चावेना. दोन घास चघळले आणि ताट बाजूला सारलं. म्हणाली, आता मला कोकरूसुद्धा चावत नाही, म्हणजे माझं झालंच. तेव्हापासून घोट-घोट दुधावर आहे. चमचा नेला तर भिंतीकडे तोंड करते.”

खाटकाचे कान तापले. सांगायला हवे होते, आत्ता, याच क्षणी. पण बाई समोर उभ्या होत्या. “ताई, तुम्हाला किती देऊ?” एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

बाई गेल्या, काकाही गेले. त्याने दोन गिऱ्हाइके कशीबशी केली. मग ॲप्रन काढून खुंटीला अडकवला.

“कुठे निघालात?” बायकोने विचारले.

“समोर.”

आज त्याच्याकडे कोकरू आलेच नव्हते. माल आणणारा गुरुवारी यायचा होता. तोवर थांबण्याची त्याची हिंमत नव्हती. भर उजेडात त्याने रस्ता ओलांडला. आपल्याच दुकानातून आपल्याकडे कोण कोण बघतेय, हे त्याला वळून न पाहताही कळत होते. काचेमागच्या मुलीने त्याला लगेच ओळखले आणि ती गोंधळली. “काय देऊ, काका?”

“कोकरू. मांडीचं.” मग, ज्या प्रश्नाचे उत्तर त्याने जन्मभर दुसऱ्यांना दिले होते, तोच त्याने विचारला. “चांगलं आहे ना?”

“आजचंच आहे,” ती म्हणाली. तिने तुकडा काचेवर ठेवला. फिकट गुलाबी, पांढरीशुभ्र चरबी. चांगलेच होते.

टेलरकाकांनी दार उघडले. “अरे, तू? ये, बस.”

तो बसला नाही. “काका, त्या दिवशी दिलं ते कोकराचं नव्हतं. जून मेंढी होती.”

काकांना आधी नीटसे उमगले नाही. “पण तू तर चरबी काढून दिलीस. मी बघत होतो ना. मला वाटलं, तिच्यासाठी एवढं करतोयस.”

“ओळखू येऊ नये म्हणून काढली.”

काका भिंतीला हात टेकून उभे राहिले. आतून बारीक आवाज आला, “कोण आहे हो? काय झालं?”

“ती… मेंढी होती म्हणे,” काका म्हणाले. “जून.”

आतून खोकल्यात अडकलेले हसू ऐकू आले. “अगं बाई! आणि मी आपली दातांना नावं ठेवतेय!”

खाटकाने पुडके पुढे केले. “हे खरं कोकराचं आहे. समोरच्या दुकानातलं. माझ्याकडचं नाही.”

काकांनी ते घेतले. पुडक्याकडेच बघत ते म्हणाले, “आणून दिलंत, बरं झालं. तुम्ही निघा आता. दुकान खोळंबलं असेल.”

त्याच्या लग्नाचा कोट काकांनी शिवला होता. मापे घेताना ‘हल नको, गाढवा’ म्हणाले होते. ‘तुम्ही’ मात्र आजवर कधी म्हणाले नव्हते. तो जिना उतरला.

काकू त्या संध्याकाळी चार घास जेवल्या, हे त्याला नव्या भाडेकरू बाईंकडून कळले. दोन महिन्यांनी एका सकाळी त्या नवऱ्याच्या दंडाला धरून दुकानावरून चालत निघाल्या. थांबल्या, हात वर केला. “जमतंय बरं का आता!” त्या ओरडून म्हणाल्या.

काकांनीही मान वळवली. “बरे आहात ना तुम्ही?”

“हो, काका.”

काकांनी मान हलवली आणि काकूंना जपून पुढे नेले. दोघे कोपऱ्यावर वळून दिसेनासे झाले.

“अहो, त्यांनी हात केला,” गल्ल्यावरून बायको म्हणाली. “तुम्ही का नाही केलात?”

त्याने आपल्या हातांकडे पाहिले. ते कोरडे होते, आणि तो ते ॲप्रनला पुसतच होता.