दारामागची खाकी पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी खाकी पिशवी आहे, आणि पिशवी होण्याआधी मी रहिमतुल्ला रिक्षावाल्याची सुती पँट होते. सात रस्त्याच्या थांब्यावर माझी निम्मी हयात गेली. बसून बसून माझी बैठक विरली, गुडघे फाटले, तेव्हा त्याच्या बायकोनं, इमामबीनं, मला कातरीखाली घेतलं. मला वाटलं, संपलं आपलं. पण जेवढं धड होतं तेवढं तिनं जोडलं, कमरेच्या पट्टीचे धरायला बंद शिवले आणि मागचा खिसा तसाच ठेवला. "किल्ली ऱ्हाईल की ह्यात," ती म्हणाली.

तेव्हापासून माझी जागा पुढच्या दाराजवळच्या खिळ्यावर. इमामबी चप्पल विसरेल, पण मला विसरायची नाही. भाजीवाल्यानं प्लॅस्टिकची पिशवी झटकली की ती म्हणायची, "ठेव तुजी. माजी हाय." मटण आणायचं तर माझ्यात स्टीलचा डबा असायचा. मला त्या दिवसांत भारी मिजास होती.

भाजी निवडायची जागा ठरलेली होती. ओसरीपुढच्या खुंट्याला लाडी बांधलेली असायची. लाडी म्हणजे आमची शेळी. तिची आई गेली तेव्हा इमामबीच्या नातीनं, कौसरनं, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. इमामबी दोडका सोलायची. एक साल लाडीला, एक गोष्ट कौसरला. आमच्या घरून कचऱ्याच्या गाडीला मिळायचं ते अगदी एवढंसं. गाडीवरचा येडू चेष्टा करायचा, "आज्जी, तुमी घरात जेवता का न्हाय?" इमामबी हसायची.

मग वळसंगला तिच्या लेकीचं बाळंतपण निघालं आणि इमामबी तिकडे गेली ती दोन-तीन महिने अडकलीच. घर आलं सुनेवर, यास्मीनवर. तिला मी नावं ठेवणार नाही. भल्या सकाळी भाकरी, डबे, पाणी, कौसरची शाळा, आणि मग गणवेश शिवायच्या कारखान्यात दिवसभर मान खाली. येता येता ती घाईत भाजी घ्यायची, प्लॅस्टिकच्या पिशवीतच. पहिली पिशवी आली तेव्हा ती फेकवेना. "लागेल कधीतरी," म्हणत तिनं घडी केली आणि माझ्यात कोंबली.

मित्रांनो, तिथं माझं नशीब फिरलं. एकीमागून एक येत गेल्या. ईदला कौसरचा फ्रॉक आला, आणखी कपडे आले, ते दोन पिवळ्या पिशव्यांतून. त्यांच्यावर लाल अक्षरांत दुकानाचं नाव होतं. त्याही माझ्यात गेल्या. मी फुगले, बेढब झाले, तेव्हा मला पुढच्या दारावरून काढून स्वयंपाकघराच्या दारामागं टांगलं. ज्यांना घराबाहेर ठेवायला माझा जन्म झाला, त्यांचंच मी गोदाम झाले.

साली सोलून लाडीपुढे टाकत बसायला आता कुणाला वेळ होता? "कौसर, ते सगळं एका पिशवीत बांध आणि कोपऱ्यावर टाक. गाडी गेली बघ," यास्मीन म्हणायची. कौसर माझ्यात हात घालायची, हाताला येईल ती पिशवी ओढायची, साली आणि उरलेला भात भरून गच्च गाठ मारायची. एकदा पिवळी हाताला आली. शाळेची घंटा व्हायला आली होती. ती पळत गेली आणि टाकून आली.

माझ्यासमोरच्या खिडकीतून तो कोपरा दिसायचा. लाडी सकाळी मोकळी असायची. तिला तो वास ओळखीचा, आपल्याच घरचा. तिनं गाठ हुंगली, दातांनी ओढून पाहिली. गाठ सुटेना. मग तिनं सगळंच चावायला घेतलं. मी खिळ्यावर लटकून पाहत होते, आणि मला हाक मारता येत नव्हती. असं एकदाच झालं नाही, रोज होत राहिलं.

इमामबी परत आली तेव्हा लाडीनं चारा सोडला होता. पोटाची डावी बाजू दगडासारखी टणक लागत होती. ती गाभण होती. इमामबीनं पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहराच उतरला. "रवंथ बंद हाय हिचं. काय खाल्लंय हिनं?"

"गल्लीत लोक काय काय टाकतात, अम्मी. कुणाचं तरी खाल्लं असेल," यास्मीन म्हणाली.

इमामबीचा मुलगा आवेज बापाचीच रिक्षा चालवतो. त्यानं लाडीला मागच्या सीटवर घेतलं, यास्मीन आणि कौसरही निघाल्या. घराबाहेर पडताना इमामबीचा हात सवयीनं पिशवीकडे गेला, खिळा रिकामा दिसला, तेव्हा तिनं मला दारामागून ओढून घेतलं. माझ्यात काय आहे ते तिनं पाहिलंसुद्धा नाही. जनावरांच्या दवाखान्यापर्यंत मी तिच्या मांडीवर होते आणि लाडीचा गरम श्वास माझ्यावर येत होता.

डॉक्टरबाईंनी जागा बधिर करून पोट उघडलं. आतून पिळलेल्या दोरासारखा गोळा निघाला. त्यांनी तो घमेल्यातल्या पाण्यात सोडवला, एकेक पिशवी वेगळी केली. त्यात एक पिवळी होती.

कौसरनं ती पाहिली. मग तिनं दादीच्या मांडीकडे पाहिलं. माझ्या तोंडातून दुसरी पिवळी डोकावत होती.

"ही आपलीच हाय," इमामबी हळूच म्हणाली.

"मीच बांधली होती, दादी."

"तू एकटीनं न्हाय बांदली," इमामबी म्हणाली. " आमी मोठ्यांनीच घरात आनल्या ह्या." यास्मीन भिंतीकडे तोंड करून उभी होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, फार उशीर झालाय. दुसऱ्या दिवशी दुपारी कौसरनं दोडक्याची साल लाडीच्या तोंडाशी धरली. लाडीनं ती हुंगली, पण तोंड उघडलं नाही. थोड्या वेळानं ती गेली, आणि पोटातलं पिल्लूही.

त्या संध्याकाळी इमामबीनं मला फरशीवर उलटं केलं. केवढा ढीग पडला. "आता हे कुटं टाकायचं?" तिनं विचारलं. शेवटी ढीग बांधून वेगळा येडूच्या हातात दिला, पण पुढं तो कुठं गेला ते त्यालाही ठाऊक नाही.

मला धुतलं आणि पुन्हा पुढच्या दारावर टांगलं. आता यास्मीनही मला घेतल्याशिवाय कारखान्यात जात नाही. साली उघड्या ताटलीत ठेवतात आणि कौसर त्या शेजारच्या रुद्रप्पाच्या म्हशीला घालून येते. येताना ती रिकाम्या खुंट्याकडे बघत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी दारामागं अशी एखादी फुगलेली पिशवी असेल. तिला आज रिकामी करा आणि पुढच्या दारावर टांगा, जाताना हाताला लागेल अशी. सालींना गाठ मारू नका. मी उद्या विरून जाईन, मातीत मिसळेन. पण ती पिवळी पिशवी एवढे दिवस लाडीच्या पोटात राहून बाहेर आली, तेव्हाही तिच्यावरचं दुकानाचं नाव कौसरला स्पष्ट वाचता येत होतं.