एका लॅपटॉपचे दोन वस्ताद

मोरचौक तालीम मंडळात आता लाल मातीत कुणी उतरत नाही. पोरं फुटबॉल खेळतात आणि मोठी माणसं गट पाडतात. एका गटाचे वस्ताद विजयसिंहआबा, दुसऱ्याचे बाळासोतात्या. दोघंही माजी अध्यक्ष. मंडळ आपल्यामुळं उभं आहे आणि दुसऱ्यामुळं अडलं आहे, याबद्दल दोघांच्याही मनात शंका नाही. खोलीतला पंखा लावायचा तरी दोघांना विचारावं लागतं. आबांना उकडतं, तर वीज खात्यातून निवृत्त झालेल्या तात्यांना चालता पंखा बघवत नाही, मग खाली माणसं बसलेली का असेनात.

कॅमेरा लॅपटॉपला जोडून मंडळाचे फुटबॉलचे सामने यूट्यूबवर थेट दाखवायचं काम क्रांतीकडं होतं. इंजिनिअर होऊन घरी बसलेल्या या मुलीला हे काम मिळालं ते तिच्या हुशारीमुळं, असं तिच्या आईला वाटायचं. खरं कारण असं की तिचे वडील कुठल्याच गटात नव्हते. काही का असेना, तिचा जीव त्या कामात रमला होता. दुबईला गेलेले पेठेतले लोक बघायचे, पुण्यातले बघायचे, आणि सेंटर फॉरवर्ड राजवीरची आई झुंबरबाई तिकडं गावाला, नेसरीत, शेजारणींना गोळा करून बघायची. गुडघ्यांमुळं त्या बाईला एसटीची पायरी चढवत नव्हती. पोराचा खेळ तिला दिसायचा तो एवढाच.

लॅपटॉप मंडळाचा, सात वर्षं वापरलेला. मंगळवार पेठेत दुरुस्तीचं दुकान असलेल्या शाहबाजनं तो आतून पुसून काढला होता आणि त्यात लिनक्स ही फुकटातली कार्यप्रणाली घातली होती. "म्हातारा हाय, पन गडी चालतोय," असं प्रमाणपत्रही त्यानं दिलं होतं.

अडचण वेगळीच होती. मैदानाच्या त्या बाजूला विजेचा पॉइंट एकच, आणि त्यावर लाऊडस्पीकरचा पिढीजात हक्क. मान्यवरांचं स्वागत थांबवून त्या जागी लॅपटॉपची वायर खुपसायची, हा विचार कोल्हापुरात बोलून दाखवण्यासारखाही नाही. त्यामुळं लॅपटॉप बॅटरीवर. प्रोसेसर पूर्ण वेगानं पळवला तर चित्र लोण्यासारखं यायचं, पण सव्वा तासात बॅटरी झोपायची. वेग बांधून ठेवला तर बॅटरी तीन तास पुरायची, पण चित्र ठेचकाळत चालायचं. सामना मध्यंतर धरून दोन तासांचा. तेव्हा दोन्हींचा मेळ घालणं भाग होतं. क्रांतीनं हे बैठकीत दहा मिनिटांत समजावून सांगितलं आणि तिथंच चुकली, कारण ज्यात दोन बाजू आहेत असा विषय या मंडळासमोर ठेवायचाच नसतो.

"पैलवान आखाड्यात उतरवायचा आन् त्याला दमानं खेळ म्हनायचं व्हय?" आबा म्हणाले. "पळूद्या की फुल्ल."

"पयल्या फेरीलाच दम घालवला तर शेवटाला काय लावनार?" तात्या म्हणाले. "जपून. सगळं जपून."

दोघांनी आपापल्या मोबाइलवर व्हिडिओ बघून एकेक प्रोग्रामही शोधून आणला होता. आबांचा प्रोग्राम प्रोसेसरला कायम टाचेवर उभा करणारा, तात्यांचा त्याला गोधडीत गुंडाळणारा. दोन तास खडाजंगी झाली, तीनदा चहा झाला आणि शेवटी मंडळात जे नेहमी होतं तेच झालं. दोघांचाही मान राखायचा ठरला. गणपतीला दोन आरत्या, उद्घाटनाला दोन पाहुणे, तसे लॅपटॉपला दोन प्रोग्राम. ठराव झाला, सूचक आणि अनुमोदकासह.

"तसं चालत न्हाई ओ," क्रांती म्हणाली. "एका प्रोसेसरवर दोन कारभारी बसवले तर एक त्याला वर ओढनार, दुसरा खाली दाबनार. त्यापेक्षा एक बी नको."

"मंडळात चाललंय की," अध्यक्ष म्हणाले, आणि विषय संपला. लॅपटॉपसमोर दोन नारळ फुटले. दुसऱ्याचं पाणी कीबोर्डवर उडता उडता राहिलं.

उपांत्य सामन्याच्या दिवशी या सलोख्याचं फळ मिळालं. आबांच्या प्रोग्रामनं वेग चढवला की लॅपटॉपचा पंखा घरघरायचा. लगेच तात्यांच्या प्रोग्रामला बॅटरीची आठवण यायची, आणि तो लगाम ओढायचा. मग पुन्हा पहिला. प्रोसेसर बिचारा दोन सासवांच्या घरातल्या सुनेसारखा इकडून तिकडं पळत राहिला. चौसष्टाव्या मिनिटाला राजवीरनं पाय उचलला आणि चित्र तिथंच थिजलं. अर्ध्या मिनिटानं हललं तेव्हा पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती. म्हणजे गोल झाला असणार. ऐंशीव्या मिनिटाला बॅटरीही संपली, म्हणजे जोरही गेला आणि जपणूकही गेली.

संध्याकाळी क्रांतीला झुंबरबाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, हेच वाईट होतं.

"गोल मारला म्हनून समद्यांनी सांगितलं गं पोरी," त्या म्हणाल्या. "पन मला दिसला न्हाई. पाय उचलल्याला दिसला. मग काय झालं, ते काय कळंना बघ."

क्रांतीला त्या क्षणी फार शरम वाटली. चूक तिची नव्हती, पण ते नेसरीपर्यंत कुठं पोचणार? मंडळाच्या बैठकीत तर चूक तिचीच ठरली. ठराव बरोबर होता, राबवणारीला जमला नाही. अंतिम सामना जर मध्ये तुटला, तर पुढच्या हंगामाचं काम पुण्याच्या एका कंपनीला द्यायचं, यावर आबा आणि तात्या यांचं तेरा वर्षांत प्रथमच एकमत झालं. टाळ्याही पडल्या.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन शाहबाजच्या दुकानात गेली. दोन्ही प्रोग्राम मुळासकट काढले. लिनक्सच्या गाभ्यात प्रोसेसर सांभाळायची सोय आधीपासून असतेच. काम आलं की वेग वाढवायचा, काम सरलं की खाली यायचं. कुठल्याही शहाण्या माणसाला हे कळतं, फक्त त्यासाठी बैठक घ्यायची नसते. मग तिनं स्क्रीनचा उजेड उतरवला, ब्लूटूथ बंद केलं आणि चित्राखालून सरकत जाणारी बेचाळीस शुभेच्छुकांची पट्टी काढून त्या जागी स्थिर पाटी लावली. प्रोसेसरचा निम्मा जीव त्या शुभेच्छांनीच काढला होता. चाचणी घेतली. चित्र अडखळलं नाही आणि बॅटरी दोन तास वीस मिनिटं टिकली.

"पन सामन्याला ती दोघं शेजारीच बसत्यात की," शाहबाज म्हणाला. "त्यांचं प्रोग्राम कुठं हायत म्हनून इचारलं तर?"

हा प्रश्न चाचणीपेक्षा अवघड होता. क्रांतीनं मग लॅपटॉपच्या टचस्क्रीनवर दोन मोठी बटणं केली. भगव्या बटणावर "जोर", हिरव्यावर "जपून". दाबलं की एक काटा झोकात फिरायचा. मागं मात्र काहीही जोडलेलं नव्हतं. शाहबाज हसून हसून स्टुलावरून खाली यायच्या बेतात आला.

अंतिम सामन्याला आबा तिच्या उजवीकडं बसले, तात्या डावीकडं. पहिल्याच मिनिटाला आबांनी बटण दाबलं, काटा उजवीकडं गेला.

"बगा चित्र कसं उठलं," ते म्हणाले.

तात्यांनी आपलं बटण दाबलं, काटा डावीकडं आला. "आता पंखा गप झाला बगा."

पंखा मुळातच गप्प होता. पण क्रांतीनं मान डोलावली. मग पूर्ण वेळ दोघं आळीपाळीनं बटणं दाबत राहिले. मैदानावर काय चाललंय याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. चित्र मात्र सरळ चाललं होतं. एकदा एका शुभेच्छुकानं येऊन आपलं नाव हलत का नाही म्हणून विचारलं. स्थिर नाव जास्त वेळ दिसतं, असं क्रांतीनं सांगितल्यावर तो समाधानानं गेला.

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टी आल्या. हे तिच्या हिशोबात नव्हतं. बॅटरी अकरा टक्के. दोन्ही संघांच्या चार-चार किक होईपर्यंत आठ. पाचवी राजवीरची, आणि ती जाळीत गेली तर चषक मोरचौकाचा. क्रांतीला पुण्याची कंपनी आठवली नाही. नेसरीतली, गुडघे धरून बसलेली बाई आठवली. तिनं स्क्रीनचा उजेड आणखी उतरवला. तिच्यापुढचा पडदा काळपट झाला, पण बघणाऱ्यांचं चित्र तसंच राहिलं.

"जोर लाव की," आबा बटण बडवत म्हणाले.

"जपून, जपून," तात्या दुसरं बडवत म्हणाले.

राजवीर पळत आला, पाय उचलला, आणि चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला. जाळी हललेलीसुद्धा दिसली. बॅटरी पाच टक्के.

तालमीसमोर संध्याकाळी सत्कार झाला. दोन फेटे, दोन शाली, दोन नारळ. आपण जोर लावला नसता तर चित्रच दिसलं नसतं, असं आबांनी भाषणात सांगितलं. आपण जपलं नसतं तर शेवटची किक कुणाच्या बापाला दिसली नसती, असं तात्यांनी सांगितलं. क्रांतीचं नाव कुणी घेतलं नाही, आणि तिला त्याचं वाईट वाटलं. पुढच्या हंगामाचं काम मात्र तिलाच मिळालं, एका अटीवर. नव्या उपाध्यक्षांना दोघांच्यात आपण कुठंच नाही असं वाटत होतं, तेव्हा त्यांच्यासाठी तिसरं बटण हवं होतं.

"रंग कुठला देऊ, सायेब?" तिनं विचारलं.

"निळा," ते गंभीरपणे म्हणाले.

एवढ्यात फोन वाजला. झुंबरबाई होत्या.

"दिसला गं," त्या म्हणाल्या. "लई बारीक झालाय पोरगा. गालफडं बसल्यात. तिथं जेवतो का न्हाई?"

क्रांतीला रडू आलं आणि हसूही आलं. एवढं स्पष्ट चित्र गेलं होतं तर. तिनं गर्दीतून राजवीरला हाक मारून बोलावलं, फोन त्याच्या हातात दिला आणि निळं बटण करायला बसली.