डाव्या बाजूच्या टाचण्या

चाळीस वर्षं मी ओठांत टाचण्या धरून लोकांचे कपडे मापाला बसवले. सहा-सहा टाचण्या ओठांत, वर गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनवायचे, तरी एक पडत नसे. पडायला लागल्या तेव्हा मी विकणाऱ्यालाच झापलं, "हा काय गुळगुळीत माल देतोस?" त्याने मुकाट्याने डबा बदलून दिला. नव्या डब्यातल्याही पडल्या.

डाव्या कानापुढे, जबड्यावर, गाठ होती. आधी वाटाण्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून मीही तिला दुखवलं नाही. केस जरा पुढे ओढले की झालं. यंदा ती लिंबाएवढी झाली आणि सुनेने एका सकाळी गाडी दारात उभी करून सांगितलं, "आई, चला." सुई घालून तपासलं. लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाई सुनेच्या वयाची.

"हे बघा आजी..."

"आजी कुणाला म्हणतेस? फार तर तुझ्या आईएवढी असेन."

"बरं, मावशी." ती हसली, पण पुढचं सरळ बोलली. ते मला आवडलं. "पुढे कसं होईल ते बऱ्याच गोष्टींवर असतं. गाठ कुठल्या जातीची, केवढी, मानेत उतरलीय का. मानेत दिसत नाही, हे चांगलं. आता राहिली नस. चेहरा हलवणारी नस या ग्रंथीतूनच जाते. गाठीने धरली नसेल तर सोडवून ठेवते. धरली असेल तर कापावी लागेल. अर्धा चेहरा लोंबेल, डोळा मिटणार नाही."

"आणि धरलेली तशीच ठेवली तर?"

"तर आजार तिथूनच परत येईल. स्कॅनमध्ये नक्की कळत नाहीये. डोळे मिटा. दात दाखवा. गाल फुगवा."

त्याची तालीम मी घरूनच करून आले होते. एक बाही तोकडी कापली गेली की शिंपी काय करतो? दुसरीही तोकडी करतो. उजवी बाजू मी मुद्दाम कमी हलवली. दोन्ही सारख्या दिसल्या.

"खाताना, बोलताना काही फरक?"

"काही नाही."

"मग नस वाचवायचं बघू." तिने लिहायला पेन उचललं.

तेव्हा सून बोलली. अकरा वर्षांत तिने माझा शब्द चारचौघांत कधी खोडला नव्हता.

"दुकान रोज मीच झाडते. टाचण्या सगळ्या आईंच्या डावीकडेच पडलेल्या असतात. उजवीकडे एकही नसते. टाचण्या खराब असत्या तर दोन्हीकडे पडल्या असत्या ना?"

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं. "कधीपासून?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. तिला तारीख माहीत होती, तरी ती बोलली नाही. तेवढं तिने माझ्यावर सोडलं. "हिचं काय ऐकता" एवढं म्हटलं असतं तर ती खोटी पडली असती, आणि माझा चेहरा माझ्याकडे राहिला असता. माझी जीभ तेवढ्यासाठी उचललीही होती. पण तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले दिसले. माझी सून घाबरलेली मी खूपदा बघितलीय. माझ्यासाठी घाबरलेली पहिल्यांदा बघितली.

"आठ महिने," मी म्हटलं. "आणि गाठ चार वर्षं. कागदावर चार महिने लिहिलंय, ते खोटं आहे. खोडा."

डॉक्टरीणबाईने खोडलं.

ऑपरेशनमध्ये नस धरलेलीच निघाली, कापावी लागली. कापड कसं रेषेच्या बाहेरून कापतात, तसं तिने आजूबाजूचं चांगलं मांसही घेतलं. कापल्याच्या कडा तपासणीत स्वच्छ आल्या. मानेतल्या एका गाठीत मात्र आजार सापडला, स्कॅनमध्ये न दिसलेला. मग सहा आठवडे रेडिएशन.

"मावशी, तुम्ही आधी आला असतात तर..." ती मधेच थांबली.

"तर बरं झालं असतं. पूर्ण बोल. मी काही मेणाची नाही."

"तर बरं झालं असतं," ती म्हणाली. आता वर्षानुवर्षं तपासण्या. कुठल्या तपासणीला काय निघेल ते तीही सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

दुकानात परत आले तर कपडे घालून बघायच्या खोलीतला मोठा आरसा नाही.

"फुटला," सून म्हणाली.

"फुटला तर काचा कुठे पडल्या?" 'ब' आणि 'प' माझ्या तोंडातून आता नीट निघत नाहीत, वारा सुटतो. पण तिला बरोबर कळलं. आरसा कापडाच्या ताग्यांच्या मागे उभा करून ठेवला होता, वर चादर.

"लाव परत. गिऱ्हाईक कशात बघणार, माझ्या तोंडात?"

तिने लावला. दुपारी एक मुलगी नवा झगा घालून त्याच्यासमोर उभी राहिली. मी मागे. आरशात तिची नजर झग्यावरून माझ्या गालावर गेली आणि तिथेच अडकली.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हटलं. "खांदा बघ, उतरतोय का."