सोबत : शेजारीण

“या नावाचा पेशंट आमच्याकडे कधी आलेलाच नाही,” रेकॉर्डवाल्या कारकुनानं सांगितलं आणि जाडजूड रजिस्टर फटकन मिटलं.

वकीलबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. सरकारनं फुकट दिलेल्या वकीलबाई, वयानं तिच्याएवढ्याच, पण तिच्या दादाची केस जीव तोडून लढत होत्या. मनोरुग्णालयातले जुने कागद मिळाले तर त्यानं केलं ते आजारात केलं असं दाखवता येईल, हे त्यांनीच सांगितलं होतं. त्यासाठी कोर्टाचा हुकूमही मिळवून आणला होता. आता त्यांच्या चेहऱ्यावर उमटला तो राग नव्हता. आणखी एक नातेवाईक आपल्याशी खोटं बोलली, एवढंच त्यात होतं, आणि त्याची त्यांना सवय असावी.

कडेवरची गुंडी तिच्या कानातलं ओढत होती. दोन वर्षांची लेक. शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करणारी आई पोरीला लाडानं दुसरं काय म्हणणार! तिनं गुंडीची मूठ सोडवली आणि ते दुसरं नाव सांगितलं.

कारकुनाचा चष्मा कपाळावर चढला. “टाकीवाले शेठ होय? मग असं सांगा की बाई.” आणि तो कपाटांच्या बोळात दिसेनासा झाला. परत आला तो हातभर जाडीची फाईल छातीशी धरून. “आणि तुम्ही त्या शेजारीणबाई. ओळखलंच नाही. अंगानं भरलात.”

वकीलबाईंनी फाईल टेबलावर ठेवली आणि उभ्या-उभ्याच पानं उलटायला लागल्या. तारखा, औषधं, डॉक्टरांच्या सह्या. अकरा वर्षं. ‘आवाज ऐकू येतात.’ ‘पाण्यात काहीतरी मिसळलंय असं म्हणतो.’ ‘गोळ्या नियमित, आवाज कमी.’ इकडे तिचं काळीज इतकं उडत होतं की गुंडीनं दचकून तिच्या छातीवर कान ठेवला.

“नाव खोटं का दिलंत?” वकीलबाईंनी विचारलं.

तिनं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती, त्यामुळे शब्द एकमेकांच्या पायात येत होते. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. दादा नऊ वर्षांनी मोठा, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला. पंपाच्या घरघरीत त्याला माणसं बोलताना ऐकू यायला लागली. वडील नव्हते, आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. आईनं तिला बाजूला घेऊन बजावलं होतं की गावापासून लांबच्या दवाखान्यात ने, आणि खरं नाव सांगू नकोस, तुझं लग्न व्हायचंय. दोन बस बदलून ती दादाला घेऊन आली. खिडकीतून नाव विचारलं आणि तिच्या डोक्यात एकही नाव येईना. समोर अंगणात पिण्याच्या पाण्याची टाकी होती. टाकीवर देणगीदाराचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत. तिनं तेच वाचून दाखवलं. मग विचारलं, पेशंटच्या कोण तुम्ही? याचं उत्तर द्यायला मात्र विचार करावा लागला नाही. शेजारीण, म्हणाली. ते तोंडातून इतकं सहज निघालं की तिची तिलाच लाज वाटली.

तेव्हापासून दर महिन्याला ती ‘सोबत : शेजारीण’ या रकान्यापुढे सही करत आली. दादा बरा असला की चेष्टा करायचा. परतीच्या बसमध्ये गंभीर तोंड करून म्हणायचा, शेजारीणबाई, शेठना भूक लागली आहे, काहीतरी बघा. ती हसायची. घरी आल्यावर सांगितलं की आईसुद्धा हसायची. पुढे तिचं लग्न झालं, आई गेली, तरी महिन्यातून एक दिवस ‘दादाला भेटून येते’ म्हणून ती निघायचीच. सासरी कुणी कधी विचारलं नाही.

“शेवटची तारीख बघा,” ती वकीलबाईंना म्हणाली. “त्यानंतर तीन महिने मी आले नाही. गुंडी झाली होती. ऑपरेशन होतं, उठता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला पाठवणार? ते नाव दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं.”

गोळ्या संपल्या होत्या. एका भर दुपारी दादानं गावाच्या पाण्याची मुख्य झडप बंद केली, कारण पाण्यात विष आहे असं पंप त्याला सांगत होता. पंपघराचे पहारेकरी काका झडप उघडायला धावले, तर दादानं मोठा पाना त्यांच्या हातावर घातला. मग आतून कडी लावून, भिंतीवर लिहिलेल्या एकेका नंबरावर फोन करत सुटला. पाणी पिऊ नका, पोरांना पाजू नका. पोलिसांनी दार तोडलं तेव्हा तो फोनच करत होता. काकांचा उजवा हात कायमचा निकामी झाला. दादा तेव्हापासून तुरुंगात.

वकीलबाईंनी फाईल मिटली. “सोमवारी तुम्ही साक्षीला उभ्या राहाल?” त्यांनी विचारलं. सरकारी वकील झोडपून काढतील, तुम्ही खोटारड्या आहात म्हणतील, आणि तुमच्या सासरी सगळं कळेल, हेही त्यांनी लपवलं नाही.

“राहीन,” ती म्हणाली, आणि मग कळलं की आपण काय म्हणालो.

परतीच्या बसमध्ये तिला बसवेना. जागा होती तरी ती उभीच राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं होतं. गुंडीला ती एकसारखी सांगत होती, मामाची फाईल सापडली, मामाची फाईल सापडली, आणि गुंडी प्रत्येक थांब्यावर नव्या चढणाऱ्या माणसाला सांगत होती, “मामा सापला.” एका आजोबांनी तर अभिनंदनसुद्धा केलं. दुकानात गेल्यावर तिनं एका शर्टाला सातऐवजी आठ काजं पाडली. शिंपीमास्तर म्हणाले, गिऱ्हाइकाला दोन गळे आहेत का बघून ये.

घरी मात्र दिवेलागणीच्या आतच सगळं सांगून टाकलं. सांगितलं नसतं तर धीर सुटला असता.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. दादा तुरुंगात गेला तेव्हा कामावर भांडण झालं एवढंच तिनं घरी सांगितलं होतं; त्यांनी तिला जवळ घेतलं होतं, पुरुषमाणूस तापट असतो म्हणाल्या होत्या. आता त्या उठून खिडकी लावून आल्या.

“तुरुंगातला मामा सांगता येतो,” त्या म्हणाल्या. “रागाच्या भरात झालं म्हणता येतं. वेडा मामा कसा सांगायचा? रक्ताचं असतं ते. उद्या या पोरीला कोण करून घेईल?”

गुंडी त्यांच्याच मांडीवर बसून त्यांच्या चष्म्याची दांडी चावत होती.

“माझी आईपण हेच म्हणाली होती,” ती म्हणाली. “माझ्याबद्दल. तेव्हा मी ऐकलं. आता गुंडीसाठी ऐकलं, तर पुढे गुंडीलाही कुणाची तरी शेजारीण व्हावं लागेल.”

सासूबाईंनी चष्म्याची दांडी गुंडीच्या तोंडातून सोडवली. नवरा टेम्पो चालवायचा. अबोल माणूस. तो पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. दोरा तोडून त्यानं विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर करून घेतलं असतंत मला?”

तो खरंच विचार करत बसला. “माहीत नाही,” म्हणाला. आणि तिला वाटलं, कुणी तरी आपल्याशी इतकं खरं बोलावं, याचीच आपण किती वर्षं वाट पाहत होतो.

पुढचे दोन दिवस तो रोजच्यासारखा टेम्पो घेऊन गेला. सोमवारी सकाळी ती पदर नीट करत होती, तर तो गुंडीला बूट घालत होता. “कोर्टात मूल घेऊन उभं राहता येत नाही,” तो म्हणाला. “मी धरतो.”

कोर्टाच्या व्हरांड्यात पहारेकरी काका बाकावर बसले होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. ती खाली मान घालून पुढे जाणार, तर त्यांनीच हाक मारली.

“पोरी, तुझा दादा वेडा ठरला, तर मग माझा हात कुणी मोडला म्हणायचं?”

वकीलबाईंनी तिला पढवलं होतं की बाहेर कुणाशी बोलू नका. पण काकांनी दादाला कितीदा आपल्या डब्यातलं खायला घातलं होतं. “दादानंच मोडला, काका,” ती म्हणाली. “ते कुणी नाही म्हणत नाही.”

काकांनी मान हलवली. पटलं म्हणून की नाही, ते कळलं नाही.

साक्षीच्या पिंजऱ्यात चढताना तिच्या आत कुठेतरी, पळत सुटावंसं वाटावं अशी एक उमेद उसळत होती. समोर दादा. दोन हवालदारांच्या मध्ये, खंगलेला, दाढी केलेली. तुरुंगातल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, नजर स्थिर होती. तिला पाहून त्यानं किंचित मान वर केली, बसस्टॉपवर करायचा तशी.

मनोरुग्णालयाच्या कारकुनानं आधीच साक्ष देऊन फाईल ओळखली होती. मग वकीलबाईंनी तिला विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. टाकी, नाव, शेजारीण, तीन महिने. मग सरकारी वकील उठले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी दाखवून दिलं की फाईलवर फोटोची जागा रिकामी आहे, की हे कागद दुसऱ्याच कुणाचे असू शकतात, की भावाला वाचवायला बहीण काय वाटेल ते बोलेल. मग म्हणाले, समजा, हे कागद आरोपीचेच आहेत.

“अकरा वर्षं हा माणूस खोट्या नावाला ओ देत आला. एकदाही चुकला नाही. इतकं पक्कं सोंग वठवणाऱ्याला चांगलं-वाईट कळत नाही, असं तुम्हाला म्हणायचंय?”

वकीलबाई हरकत घ्यायला उठल्या, पण ती आधीच बोलायला लागली होती.

“ओ तो देत नव्हता, साहेब. खिडकीतून नाव पुकारलं की मी त्याला कोपरानं ढोसायचे. मग तो उठायचा. सोंग माझं होतं. डोकं माझं ठिकाणावर होतं, मला चांगलं-वाईट कळत होतं, आणि खोटं मी बोलले. तो आजारी होता आणि माझ्यावर विश्वास ठेवत होता. तुम्हाला कुणाला जाब विचारायचा असेल तर मला विचारा.”

टाइपिस्टबाईंचा खडखडाट दोन क्षण मागे राहिला आणि मग पोचला. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. ते वयस्कर होते, सकाळपासून फारसं बोलले नव्हते. त्यांनी दादाला उभं राहायला सांगितलं.

“तुमचं नाव काय?”

दादानं तिच्याकडे पाहिलं. सगळ्या कोर्टानं ते पाहिलं. सांगू का, कुठलं सांगू, असं सरळ विचारणारी ती नजर होती. तिचं कोपर आपोआप हललं आणि पिंजऱ्याच्या कठड्याला लागलं.

“ताईंकडे बघू नका,” न्यायाधीश हळुवारपणे म्हणाले. “तुम्हीच सांगा.”

दादानं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग थोडं थांबून ते टाकीवरचं नावही सांगितलं, तितकंच स्पष्ट.

“पहिलं आईनं ठेवलंय, साहेब,” तो म्हणाला. “दुसरं हिनं. हिचं लग्न व्हायचं होतं. दोन्ही माझीच आहेत.”

सरकारी वकील काही बोलणार होते, ते खाली बसले. न्यायाधीशांनी टाइपिस्टबाईंना दोन्ही नावं घ्यायला सांगितली आणि फाईल पुराव्यात घ्यायचा हुकूम दिला. निकालाची तारीख पुढची पडली. तिला उतरायला सांगितलं. दाराच्या काचेतून गुंडी बापाच्या खांद्यावरून आत डोकावत होती, नाक काचेला चपटं झालेलं.

हवालदारानं दादाच्या दंडाला हात लावला आणि बसायची खूण केली. दादा बसला नाही. ती तीन पायऱ्या उतरली, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाकाच्या टोकाशी पोचली, पदर सावरून बसली. मग तो बसला.