मंगळवार-शुक्रवारची गाडी

क्लबचा अध्यक्ष दर वर्षी बदलायचा, आणि नवा आला की आधीच्याचे प्रकल्प गुंडाळायचे, ही तिथली रीतच. नवा गडी, नवं राज्य. घड्याळांचं दुकान चालवणारे घड्याळवाले बारा वर्षांपासूनचे सभासद, त्यांना हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण आपल्या गाडीला कोण हात लावणार, असं त्यांना वाटायचं. भोळा माणूस, दुसरं काय.

गाडी म्हणजे सभासदांच्याच गाड्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पाळीपाळीने एकाने निघायचं, डायलिसिसच्या चार पेशंटना घरून घ्यायचं आणि दुपारी परत आणून सोडायचं. घड्याळवाल्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, पण फोन कर-करून त्यांनी वर्षभरात एक खाडा पडू दिला नव्हता. चौघांपैकी टायपिंगच्या बाई त्यांच्याच गल्लीतल्या. एकट्या. दवाखान्याला जायचं तर दोन बस बदलायच्या, आणि येताना बाईंना धड उभंही राहवायचं नाही.

नव्या अध्यक्षांचं फरश्यांचं दुकान होतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी हजार रोपं लावायचा बेत मांडला. सगळी माणसं, सगळ्या गाड्या तिकडे.

"गाडीचे लाभार्थी किती?" त्यांनी विचारलं.

"चार," घड्याळवाले म्हणाले.

"वर्षभर राबून चार? अहवाल वाचून हसतील हो लोक."

"पण त्या चौघांना दुसरं कोणी..."

"तुम्ही सुरू केलंत, छान केलंत. आता मंडळींना जरा मोकळं करा."

मंडळी चहाच्या कपात बघत होती. वर्षभर लवकर उठून थकली होती बिचारी, त्यांना तरी काय बोलणार? अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. सगळे हात वर झाले आणि सगळ्या माना घड्याळवाल्यांकडे वळल्या. त्यांनीही हात वर केला. का केला, देव जाणे. चारचौघांत एकटं पडायची लाज वाटली, हेच खरं.

बाकी तिघांना त्यांनी फोनवर सांगून टाकलं. बाईंकडे जायला मात्र सोमवारी तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. मंगळवारी सकाळी गेले, तर बाई आवरून दारात खुर्ची टाकून बसलेल्या.

"आजच्यापुरती टॅक्सी बोलावलीय, बाई."

"आणि शुक्रवारी?"

त्यांनी कसंबसं सांगितलं. बाई बराच वेळ पिशवीचा बंद सारखा करत राहिल्या.

"मागच्या वेळी मला गाडीत उलटी झाली, म्हणून ना?"

"छे हो, भलतंच काय."

"सीट पुसली होती मी. वास राहिला असेल. त्यांना म्हणावं, सकाळी काही न खाता निघेन."

"बाई, तुमचं काही चुकलेलं नाही. क्लबनं ठरवलं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"तुम्हीसुद्धा?"

घड्याळवाल्यांना खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"मग माझंच चुकलं असणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही उगीच हो म्हणणाऱ्यातले नाही."