वाचलेले एकतीस हजार

नेमसिंगकाकांनी गाडी मागितली नव्हती. माझी सोयरीक ठरताना ते एवढंच म्हणाले होते की पोराला साइटवर फार ऊन लागतं. ते वाक्य समजायला माझ्या बापाला आठ दिवस लागले. मग त्याने कालव्यात गेलेल्या तीन एकरांच्या मोबदल्यातून सव्वातीन लाख वेगळे काढून ठेवले.

पोरगा म्हणजे त्यांचा गुलाबसिंग, कनिष्ठ अभियंता. आणि मी राखी, फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यातली पहिली एम.एस्सी., विषय भौतिकशास्त्र.

"तुह्या आजीसाठी माह्या बापानं चार बैल देल्ते," बा कधीकधी सांगायचा. "पोरीच्या बापाले देल्ते. आता उलटं झालं." यात तक्रार नसायची. पाऊस लांबला हे सांगावं तसं तो ते सांगायचा.

मला बी.एड. करायचं होतं. पुसदच्या एका विनाअनुदानित कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं होतं. फी एकोणतीस हजार, भरायची शेवटची तारीख शुक्रवार. लग्नानंतर बघू, असं नेमसिंगकाका म्हणाले होते. पण लग्नानंतर ही काही तारीख नव्हे. मला लग्नाआधी फीची पावती हातात हवी होती. बापाकडे वेगळे एकोणतीस हजार नव्हते. मागच्या हंगामात कापसाचा भाव इतका उतरला होता की वेचणीची मजुरी वजा जाता जे घरात आलं ते यंदाच्या बियाण्यात गेलं.

म्हणून सोमवारी जेवताना मी विचारलं, "बा, गाडीचे सव्वातीन लाख तू धरलेच आहेत ना? मी भाव केला अन् त्यातले काही वाचले तर?"

"वाचले तर तुहे," बा म्हणाला. माझी याडी, म्हणजे आई, भाकरी थापत होती. तिनेही ऐकलं.

"एकोणतीस वाचले तरी?"

"पन्नास वाचव. तुहेच. पण तुले कोण वाचवू देते?"

मंगळवारी मी पुसदला जाऊन इंटरनेट कॅफेत तीन तास बसले. कंपनीची मूळ किंमत, रस्ता कर किती टक्के, विमा कसा काढतात, सगळं वहीत उतरवलं. मोजलेल्या गोष्टीवर माझा विश्वास आहे. किंमत ही मला तोपर्यंत मोजता येणारी गोष्ट वाटत होती.

बुधवारी पहिल्या एसटीने आम्ही यवतमाळला गेलो. नेमसिंगकाका आणि गुलाबसिंग मोटारसायकलवर आधीच येऊन शोरूमच्या सोफ्यावर बसले होते. काका आणि बा जुने ओळखीचे. दोघांनीही तरुणपणी बैलबाजार केलेला. एक विकायचा, दुसरा त्याच बाजारात विकत घ्यायचा. खांद्यावरचा दुपट्टा दोघांचा अजून सुटला नव्हता.

"या समधी," काका म्हणाले. "पोरगी आणली काय? भाव कराले?"

"शिकेल हाय," बा म्हणाला.

"मंग तर महाग पडन," काका हसले. गुलाबसिंग हसला नाही. तो काचेला नाक लावून गाडीच्या आत बघत होता.

मॅनेजरचं नाव श्रीकृष्ण. पन्नाशीचा, टापटीप, बोलायला गोड. त्याने बाला काका म्हटलं, मला मॅडम, आणि कागदावर किंमत लिहून दिली. तीन लाख चोवीस हजार पाचशे. कर, विमा, हाताळणी खर्च, पॉलिश आणि सीटकव्हरसकट.

"हाताळणी म्हणजे काय?" मी विचारलं.

"गाडी गोडाऊनहून इथे आणायची असते ना, मॅडम."

"कंपनीच्या किमतीत ते धरलेलं असतं. हे साडेचार हजार काढा. विमा बाहेर स्वस्त मिळतो, तुम्हीही तेवढ्यातच काढून द्या. सीटकव्हर नकोत. आणि ही रंगाची जादा पॉलिश कशाला?"

त्याने चष्मा वर केला. "कितवी शिकलात?"

"एम.एस्सी."

"मग इकडे काहून आलात, पीएच.डी. कराले पाहिजे होती," तो म्हणाला आणि गमतीगमतीत चौदा हजारांवर काट मारली. त्याला ते जड गेलं नाही, म्हणजे ते कधीच खरे नव्हते. गाडीच्या मूळ किमतीवर मात्र तो एक रुपया खाली यायला तयार होईना.

चौदा हजारांत माझी अर्धीही फी होत नव्हती.

मी गाडी बघायला मागच्या आवारात गेले. मागून बा आला. तिथे पंधरा-सोळा गाड्या धूळ खात उभ्या होत्या. मागच्या दसऱ्याला कापसाच्या भरवशावर मागवलेल्या असणार. शेतकरीच काय, त्यांच्याकडून कापूस घेणारेही त्या वर्षी गाडी घ्यायला आले नव्हते. आमची म्हणून दाखवलेली पांढरी गाडी तेवढी धुतलेली होती. मी खाली बसून टायर बघायला लागले.

"काय पाहून राह्यली?" बाने विचारलं.

"दात."

बा लगेच उकिडवा बसला. बैलाचं वय दातांवरून सांगण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. मी त्याला टायरवर उठवलेले चार आकडे दाखवले. चार, एक, शून्य, पाच. "हा टायर दोन हजार पाचच्या एक्केचाळिसाव्या आठवड्यातला आहे. म्हणजे मागचा ऑक्टोबर. चारही टायर तेच सांगतात."

"अकरा महिने," बा म्हणाला. मग हळूच हसला. "म्हंजे जनावर जुनं हाय अन् शिंगं रंगवली."

आत येऊन मी श्रीकृष्णला विचारलं, "गाडी कधीची आहे?"

"नवी आहे, मॅडम. शून्य किलोमीटर."

"चाललेली किती ते नाही विचारलं. बनली कधी?"

"टायर जुन्या स्टॉकचे लागतात कधीकधी."

"असेल. मग विक्रीच्या प्रमाणपत्रात उत्पादनाचा महिना आणि वर्ष भरावं लागतं, ते आत्ता माझ्यासमोर भरा."

त्याने फॉर्म ओढला, पेन उघडलं आणि परत बंद केलं. गोडवा गेला. "बोला, किती देता?"

नंतरचा पाऊण तास मी आयुष्यात कधी बोलले नाही इतकं बोलले. वर्ष उलटून तीन महिने झाले की जुन्या सालाच्या गाडीची किंमत किती कमी होते, विकताना ती किती वर्षांची धरली जाते, आवारात आणखी किती तशाच उभ्या आहेत. तो दोनदा उठून गेला, एकदा मालकाला फोन केला, एकदा म्हणाला, "तांड्यावरचे लोक असं नाही करत, मॅडम, शब्दावर घेतात." मी म्हटलं, "म्हणूनच तुम्ही त्यांना ही दाखवता." शेवटी तो आणखी सतरा हजारांनी खाली आला. कागदावर नवा आकडा लिहिला आणि खाली सही केली.

मी पुन्हा एकदा बेरीज केली. मग तोच कागद घेऊन सोफ्यापाशी गेले, आणि प्रयोगाचं उत्तर सरांना सांगावं तसं मोठ्याने सांगितलं, "बा, एकतीस हजार वाचले. पूर्ण एकतीस."

बाचा चेहरा पडला. मला कळेना. चूक माझी होती आणि ती मला नंतर कळली. बैलबाजारात आकडा तोंडाने बोलत नाहीत.

नेमसिंगकाका सोफ्यावर सरकून बाच्या शेजारी आले आणि त्याच्या कानात काहीतरी बोलले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी तो दोघांच्या हातांवर पसरला आणि पावसाबद्दल बोलायला लागले. उमरखेडकडे बरा झाला म्हणे. बा म्हणाला, आमच्याकडे नाही. दुपट्टा हलत होता. मी लहानपणी बासोबत बाजारात गेले होते तेव्हा हे पाहिलं होतं. बोटं धरून सौदा करायचा. किती बोटं, कुठलं पेर, ते फक्त त्या दोन हातांना माहीत. वर तोंडाने भलतंच चाललेलं असतं. काकांच्या हाताखालचं कापड उचललं जायचं, मग बाच्या बाजूने खाली दाबलं जायचं. मी दोन फुटांवर उभी होते आणि मला एक आकडा दिसत नव्हता.

थोड्या वेळाने काकांनी दुपट्टा झटकला आणि परत खांद्यावर टाकला. "झालं," ते म्हणाले.

बा मला बाहेर पायरीपर्यंत घेऊन गेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"तो म्हणे, तुमचे तर गाडीत वाचले. वाचले ते पोराले नगदी द्या, पेट्रोलपाण्याले. पुरे एकतीस धरून बसला होता." बाचा आवाज खाली होता, पण त्यात थोडा अभिमानही होता, तो मला ऐकू आला. "म्या सत्ताविसावर आणलं. चार वाचवले तुह्यासाठी."

"ते पैसे माझे होते, बा. तू म्हटलं होतं. याडीसमोर."

"तुले तोंडानं म्हटलं होतं," बा म्हणाला. "त्याले हात देला."

"अन् हात दिलेला मोडता येत नाही."

"नाई. चाळीस वर्षांत नाई मोडला." मग, "काहून बोलली तू आकडा? कानात सांगाचा असते."

मला त्याचा राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्याहून जास्त मला सोफ्यावर पाय पसरून बसलेले नेमसिंगकाका दिसत होते. पाऊण तास मी त्यांच्यासाठी भाव केला होता. मी फक्त एक विचारलं. "सौदा काय ठरला? सत्तावीस हजार द्यायचे, की वाचलेल्यातले सत्तावीस हजार द्यायचे?"

"वाचलेल्यातले. जे वाचलंच नाई ते कोण मांगीन?"

मी आत गेले. श्रीकृष्ण पावतीपुस्तक उघडत होता.

"ही गाडी नको," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, कारण मोठ्याने बोलायची मला सवयच आहे. "ही अकरा महिन्यांची जुनी आहे. इंजिनिअर माणसाला शिळी गाडी द्यायची, हे आमच्या बाला पटत नाही. यंदाच्या ऑगस्टमधली आहे का तुमच्याकडे?"

"आहे. पण, मॅडम, तिच्यावर सूट नाही."

"नको सूट. सकाळी लिहिलं होतं तेवढेच घ्या. तीन लाख चोवीस हजार पाचशे. हाताळणी खर्च, विमा, पॉलिश, सीटकव्हर, सगळं."

त्याने पावतीपुस्तकाचं पान उलटलं. मग हळूहळू त्याचा गोडवा परत आला.

"अरे, कायले पण?" नेमसिंगकाका उठून उभे राहिले. "हेच चांगली हाय. जुनी कुठं दिसते? कायले पोरी उगा खर्च वाढवून राह्यली बापाचा?"

"तुमच्याच मानाचं आहे, काका. लोक नंबरावरून साल ओळखतात."

काकांनी बापाकडे पाहिलं. बा जमिनीकडे बघत होता. काका आणखी काही बोलणार, तेवढ्यात गुलाबसिंग पहिल्यांदा बोलला.

"बापू, नवी भेटते तर नवीच घ्या ना. ऑफिसात सगळ्यांच्या यंदाच्या आहेत." आणि माझ्याकडे वळून, जवळजवळ प्रेमाने, "ग्रे रंगात असेल तर विचारता का?"

ग्रे रंगात होती. तिच्या टायरवर तीन, दोन, शून्य, सहा होतं. मी वाकून पाहिलं, कारण पूर्ण किंमत देऊन फसायचं नव्हतं.

बाने पिशवीतून बंडलं काढली. श्रीकृष्णने मोजली, वरचे पाचशे परत दिले, पेढ्यांचा डबा फोडला आणि पहिला पेढा मला दिला. नेमसिंगकाकांनी पेढा घेतला नाही. गाडी पासिंग होऊन आठ दिवसांनी मिळणार होती. जाताना त्यांनी बाला रामराम केला, मला केला नाही, आणि मोटारसायकलवर मागे बसून निघून गेले.

एसटीत बा माझ्या शेजारी बसला. मी मनात पुन्हा सगळं मांडून पाहत होते. बाचे जेवढे जायचे होते तेवढेच गेले. फक्त माझ्या वाट्याचे चार गेले, आणि चारात फी भागणार नव्हतीच. नेमसिंगला सत्तावीस मिळायचे होते, ते मिळाले नाहीत. गणित बरोबर होतं. कॉलेजला शुक्रवारी जायचं कारण उरलं नव्हतं, तेही त्यात बसत होतं.

आर्णी मागे पडल्यावर बा म्हणाला, "त्याले समजलं."

"समजू दे."

"चांगलं समजलं. त्यानं बैल घेतले हायेत माह्याकडून, त्याले म्या वळखतो. तो बोलत नाई. ध्यानात ठेवते." बाने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "म्या तर घरी जाईन, बाई. पंधरा तारखेच्या लगनानंतर तुले त्याच्या घरी राहाचं हाय."

हे मी धरलंच नव्हतं. वहीच्या कुठल्याही पानावर ते नव्हतं. मी खिडकीबाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाटीला बोंडं धरायला लागली होती, आणि महागाव यायला अजून तासभर होता.