सराव नावाचं फोल्डर

ठकूला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधीच नकाशे काढायचं एक सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून ठेवा, असा निरोप आला. घरातल्या लॅपटॉपने हात वर केले. डिस्क भरलेली आहे, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

लॅपटॉप तसा म्हाताराच. तो आईसाठी घेतला होता. आई बालवाडीत शिकवायची आणि मुलांसाठी चित्रांचे तक्ते त्याच्यावर बनवायची. एका बाजूची बिजागरी ढिली झाल्यामुळे त्याच्या पाठीला उशी लावून बसवावं लागायचं. तरी चालत होता. नवा घेणं सध्या शक्य नव्हतं आणि तसं कुणी बोललंही नाही.

रविवारी दुपारी ठकू आणि बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टची नाडी त्यांना नुसत्या आवाजावरून कळायची, पण लॅपटॉपसमोर ते पाहुण्यासारखे अवघडून बसत. ठकूने लॅपटॉपवरची कचराकुंडी रिकामी केली. लहानपणचे खेळ काढले. एकच फोटो चार-चार वेळा साठवलेला होता, त्यातला एकेक ठेवून बाकीचे उडवले. बाबा मधूनमधून "बघ हं, कामाचं काही जायचं नाही ना?" म्हणत होते.

एवढं करूनही पुरेशी जागा झाली नाही. ठकूने फोल्डर आकाराप्रमाणे लावले. सगळ्यात वर एकच नाव होतं. सराव. निम्म्याहून जास्त डिस्क त्याने अडवली होती.

"याला हात नको लावूस," बाबा लगेच म्हणाले.

ठकूला माहीत होतं त्यात काय आहे ते.

आईला मेंदूचा पहिला झटका आला तेव्हा ठकू दहावीत होती. हातपाय वाचले, वाचा गेली. गेली म्हणजे आवाज होता, समजत सगळं होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. जिच्या तोंडाचा पट्टा भाजीवाल्यापासून शाळेच्या संचालकांपर्यंत कुणापुढे थांबत नव्हता, ती बाई ग्लासाकडे बोट दाखवून घामाघूम व्हायची. बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज सकाळी चित्रं दाखवून सराव घ्या आणि त्याचं चित्रण करून ठेवा. "महिन्यापूर्वीचं आणि आजचं शेजारी शेजारी ठेवून बघा, म्हणजे तुम्हालाही धीर येईल." बाबा कामाला जायच्या आधी आईसमोर बसायचे. तिनेच बालवाडीसाठी केलेले तक्ते पुढे धरायचे.

आईला एकच शब्द सुटला नव्हता. ठकू. छत्रीचं चित्र दाखवलं की ती जीव एकवटून ओठ जुळवायची आणि म्हणायची, "ठकू." चमच्याला ठकू. घड्याळाला ठकू. म्हशीलासुद्धा ठकू. एकदा बाबांना हसू आलं, मग आईलाही आलं आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत बसली. ठकू मात्र दप्तर उचलून न खाता शाळेत गेली होती. त्यानंतर तिने मैत्रिणींना घरी बोलावणं बंद केलं.

आठेक महिने हे चाललं. काही शब्द परत आले, काही आल्यासारखे वाटून गेले. मग दुसरा झटका आला आणि सगळंच संपलं.

तेव्हापासून बाबा कामावरून आले की खोलीचं दार लोटून घ्यायचे आणि लॅपटॉप उघडायचे. भिंतीपलीकडे ठकू अभ्यासाला बसलेली असायची. बाबांचा आवाज यायचा, "हे काय आहे? सावकाश सांग." मग बराच वेळ शांतता, आणि मग तो अडखळता आवाज. ती कानात बोळे घालून बसायची.

"बाबा, हे सगळं काढून टाकू या," ती आता म्हणाली.

"अगं, वेगळी डिस्क मिळते ना बाहेरून लावायची? तिच्यात टाकू. तुझी जागा मोकळी होईल."

"जागेचं नाही म्हणत मी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"ती आई नव्हती, बाबा. ते ऐकलं की मला माझी आई आठवेनाशी होते. माझी आई गोष्ट सांगायची, भांडायची, फोनवर तासतास बोलायची. मला तो आवाज हवाय. तुम्ही रोज हेच लावता आणि तो पुसत चाललाय माझ्या डोक्यातून. माझ्या वाढदिवसांचे व्हिडिओ कुठेत? तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा तो मोठा होता ना, ती सूत्रसंचालन करत होती तो? ते लावा ना. ते का नाही लावत कधी?"

बाबा टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिले.

ठकूने शोधायला सुरुवात केली. फोटो सापडले. समुद्रावरचे, घर बदललं तेव्हाचे, आईचे थोडेच, कारण कॅमेरा बहुतेक तिच्याच हातात असायचा. व्हिडिओ एकही नव्हता. तिने पुन्हा शोधलं. मग ती थांबली.

"बाबा?"

"नाहीत ते," बाबा म्हणाले. "मी काढले."

ते सांगत गेले तेव्हा त्यांचा आवाज कामाचा अहवाल द्यावा तसा सपाट होता. सराव सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि एका सकाळी लॅपटॉपने असंच सांगितलं, जागा नाही. आई समोर तक्ता घेऊन बसलेली. आज सराव नको म्हणावं तर तिचा चेहरा पडेल. त्यांनी जे सगळ्यात मोठं दिसलं ते काढलं. कचराकुंडीही रिकामी केली, कारण त्याशिवाय जागा होत नाही एवढं त्यांना कळलं होतं. पुढे पुन्हा भरलं, पुन्हा काढलं.

"फोन बदलताना सगळं याच्यावरच टाकलं होतं. दुसरीकडे नव्हतं काही. माहीत होतं मला," बाबा म्हणाले. "पण मला वाटलं, आवाज तर येणारच आहे परत. मग जुना कशाला हवा? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलो."

ठकू उठली. खुर्ची मागे पडली, ती तिने उचलली नाही. खोलीत जाऊन तिने मावशीला फोन लावला. मावशीकडेही फोटोच होते. "अगं, ती रोज बोलायची माझ्याशी," मावशी रडत म्हणाली, "रोज बोलणाऱ्या माणसाचा आवाज कोण जपून ठेवतं?"

दुसऱ्या दिवशी ठकूने लॅपटॉप पिशवीत घातला आणि बाजारामागच्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. बाबाही कामावरून परस्पर तिथे आले. कुणी बोलावलं नव्हतं, सकाळी तिला दुकानाचा पत्ता विचारताना ऐकलं होतं एवढंच. दुकान चालवणारी बाई चाळिशीची होती, कपाळावर भिंग चढवलेली. काढून टाकलेलं परत मिळतं का, असं ठकूने विचारलं.

"मिळतं कधीकधी. ठेवून जा, बघते."

दोन दिवसांनी दोघं परत गेली. बाईने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. एक फोटो उघडला होता. वाढदिवसाचा केक, त्याच्यामागे एका बाईचा पदर आणि हात. खालचा अर्धा भाग नुसता राखाडी.

"असे तुकडे आलेत थोडे. व्हिडिओ एकही लागत नाही."

"अजून प्रयत्न केला तर? मोठ्या ठिकाणी दिलं तर?" ठकूने विचारलं.

बाईने भिंग काढून ठेवलं. "पुसल्यावर लॅपटॉप बंद ठेवला असता तर आलं असतं. पुसलेलं लगेच जात नाही, ती जागा फक्त मोकळी म्हणून धरली जाते. पण तुम्ही सांगितलंत तसं काकांनी त्याच दिवसापासून रोज नवीन भरलं ना? ते त्याच जागेवर बसलं. आता खालचं कुणीच काढू शकत नाही. मोठं दुकान पैसे घेईल, पण हेच सांगेल." मग तिने हळूच विचारलं, "काय होतं त्यात?"

"हिची आई," बाबा म्हणाले.

बाईने पैसे घेतले नाहीत. बाहेर लावायची डिस्क मात्र तिच्याकडूनच बाबांनी विकत घेतली.

घरी परतताना जिन्यात ठकू पुढे होती. कुलूप उघडून आत गेल्यावर ती चप्पल न काढता तशीच पॅसेजमध्ये उभी राहिली.

"तुमच्यावर चिडायला मला तोंड नाही," ती म्हणाली. "पण चिडलेय मी. खूप."

"चीड की. का नाही?"

"त्या दिवशी तिने मला हाक मारली होती, बाबा."

बाबांनी पिशवी खाली ठेवली.

"शेवटच्या दिवशी. सकाळी. मी वेणी घालत होते. ती आतून ठकू, ठकू करत होती. मला वाटलं, झाला सुरू सराव. मी दार लावून घेतलं. मला कसं कळणार होतं? ती सगळ्यालाच ठकू म्हणायची ना! मला बोलावतेय की पाणी मागतेय की नुसता पंखा दाखवतेय, कसं कळणार होतं मला?" तिचा श्वास पुरेना. "आणि तुम्ही ते लावता. रोज ती हाक मारते. रोज मी जात नाही."

बाबा भिंतीला टेकले आणि तसेच खाली बसले.

"मी अंघोळीला गेलो होतो," ते म्हणाले. "मलाही ऐकू आलं. तक्ता तिच्या हातात देऊन आलो होतो, चित्रं बघत बस म्हणून. मला वाटलं, वा, एकटीच करतेय. बरं वाटलं गं मला. मी मुद्दाम सावकाश अंघोळ केली."

ठकू त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं नाही, त्यांनीही तिला जवळ ओढलं नाही. दोघं पॅसेजच्या फरशीवर पाय पसरून बसून राहिली. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवत होतं.

"ते व्हिडिओ काढू नका," शेवटी ती म्हणाली. "पण माझ्याबरोबर नकोत मला."

शनिवारी त्यांनी फोल्डर नव्या डिस्कवर टाकलं. वेळ लागला. पट्टी पुढे सरकत होती आणि एकेका फाइलचं नाव क्षणभर दिसून जात होतं. बाबांनी प्रत्येक दिवसाला नाव दिलं होतं. 'आज "दे" म्हणाली'. 'आज कंटाळली'. 'आज जास्त हसली'. 'आज काही नाही, पण बसली'. ठकू ती वाचत होती. बाबांना वाटलं ती उठून जाईल. ती गेली नाही. सगळं पोचलंय का हे तिने दोनदा तपासलं आणि मग लॅपटॉपवरचं मूळ फोल्डर पुसलं. पुसताना तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. डिस्क मोकळी झाली. सॉफ्टवेअर बिनतक्रार बसलं.

ती वसतिगृहावर गेली, बरोबर लॅपटॉप गेला. डिस्क बाबांच्या कपाटात राहिली. ती कशाला जोडून बघावी असं घरात आता काहीच नव्हतं. मावशी म्हणाली, माझा जुना लॅपटॉप पडलाय तो घेऊन जा. बाबा "बघू" म्हणाले आणि गेले नाहीत. संध्याकाळी कामावरून आल्यावर ते दार उघडंच ठेवून रेडिओ लावू लागले. त्यावर लोक भराभर बोलायचे, न अडखळता. काही दिवस बाबांना ते सहन होत नसे. मग सवय झाली.

दिवाणखान्यातल्या भिंतीवर आता ठकूने काढलेला एक नकाशा आहे, कॉलेजातला पहिला. एक छोटं घर. सुट्टीत आली तेव्हा तिनेच तो लावला. खोल्या दाखवताना ती भरभर बोलत होती, हातवारे करत, एका श्वासात तीन वाक्यं, आणि बाबा नकाशाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बाबा, लक्ष कुठाय? हे काय आहे, सांगा बघू," तिने एका चौकोनावर बोट ठेवून विचारलं.

बाबांना शब्द सापडला नाही. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला निघून गेले. सरावातला प्रश्न आपल्या तोंडून आला, हे कळून ठकू बोट तसंच ठेवून उभी राहिली. मग तीही त्यांच्या मागे गेली.